गाठ सुपारीएवढी की वीस मिलिमीटरची?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

स्तनात गाठ लागली की तिचे माप बहुधा कुळागरातून नाहीतर स्वयंपाकघरातून येते. आधी चण्याएवढी होती, मग सुपारीएवढी झाली, आता लिंबाएवढी वाटते. सांगणाऱ्या बाईचा यात दोष नाही, बोटांना एवढेच कळते. पण सोनोग्राफीच्या कागदावरही ‘लहान साधी गाठ, काळजी नको’ एवढेच लिहून आले, तर सहा महिन्यांनी ती वाढली की तेवढीच आहे हे कोणीच सांगू शकत नाही. कॅन्सर नसलेल्या गाठींच्या बाबतीत होणारे बरेचसे गोंधळ या न लिहिलेल्या मापातून सुरू होतात. एका घरी दीड सेंटिमीटरची निरुपद्रवी गाठ ‘लग्नाआधी काढून मोकळे होऊ’ म्हणून कापली जाते. दुसऱ्या घरी सहा महिन्यांत दुप्पट झालेली गाठ ‘साधीच तर आहे’ म्हणत तशीच ठेवली जाते.

मुळात ‘साधी गाठ’ हे एका रोगाचे नाव नाही. पंधरा ते पस्तीस या वयात सर्वाधिक आढळते ती फायब्रोॲडिनोमा. रबरासारखी, गुळगुळीत, बोटाखालून सटकणारी. इंग्रजीत तिला ‘ब्रेस्ट माउस’ म्हणतात ते तिच्या या पळापळीमुळेच. पस्तिशी ते पन्नाशीत पाण्याच्या गाठी, म्हणजे सिस्ट, जास्त दिसतात. अंगावर पाजणाऱ्या बाईला दूध साठून गाठ होऊ शकते. मार लागल्यावर आतली चरबी मरून टणक गोळा होतो, आणि तो हाताला अगदी कॅन्सरसारखा लागतो. आपल्याकडे क्षयाची गाठही विसरून चालत नाही. कापलेली जखम भरत नसेल, पुन्हा पुन्हा वाहत असेल तर तिची आठवण ठेवावी. या प्रत्येकीत मापाचा अर्थ वेगळा. चार सेंटिमीटरची पातळ भिंतीची, आत नुसते पाणी असलेली सिस्ट निर्धोक असते; दुखत असेल तरच सुईने पाणी काढायचे. याउलट आठ मिलिमीटरची, वेड्यावाकड्या कडांची भरीव गाठ त्याच आठवड्यात बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, मागते. म्हणून ‘किती मोठी?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘कसली?’

तो सोडवण्याची रीत जुनी आहे आणि तिला पर्याय नाही: हाताने तपासणी, चित्र आणि गरजेप्रमाणे सुई, म्हणजे सुईने नमुना काढून तपासणे. चाळिशीच्या आत चित्र म्हणजे बहुधा आधी सोनोग्राफी. तरुण स्तन दाट असतो, मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे पांढऱ्यात पांढरे हरवते. चाळिशीनंतर मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही. सोनोग्राफीत फायब्रोॲडिनोमा आडवी, लंबगोल, नितळ कडेची दिसते. उंचीपेक्षा तिची रुंदी जास्त असते. उभी वाढलेली, कडा फुटलेली, मागे काळी सावली टाकणारी गाठ दिसली की सोनोग्राफी करणारा गप्प होतो, आणि त्याने व्हावेच. मात्र गोल-गुळगुळीत दिसले म्हणून निर्धास्त होण्यातही धोका आहे. कॅन्सरचे काही प्रकार, विशेषतः तरुण वयात आणि आई-बहिणीला स्तनाचा कॅन्सर झालेल्या घरांत, फायब्रोॲडिनोमाचे सोंग हुबेहूब घेतात. पंचविशीच्या आतल्या मुलीची गाठ हाताला आणि सोनोग्राफीत दोन्हीकडे नमुनेदार असेल तर सुई न लावताही चालते. त्यापुढच्या वयात नवीन भरीव गाठीला एकदा सुई लावून घेणे बरे.

रिपोर्टाखाली ‘बायरॅड्स’ असा शब्द आणि एक आकडा असतो. 2 म्हणजे निश्चित साधी. 3 म्हणजे बहुधा साधी, कॅन्सर निघण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी. तिथे सहा, बारा आणि चोवीस महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. 4 आणि 5 ला बायोप्सी. 0 पाहून पुष्कळ जणी सुटकेचा श्वास टाकतात, आणि इथे खरी फसगत आहे: 0 म्हणजे ‘काही नाही’ नव्हे, तर ‘तपासणी अपुरी, आणखी चित्रे हवीत’.

आता मापाकडे. दहा रुपयांचे नाणे 27 मिलिमीटर व्यासाचे असते. तीन सेंटिमीटर म्हणजे त्याहून जरासे मोठे, आणि गाठ काढायची की नुसती पाहत राहायची या चर्चेत हाच आकडा सारखा येतो. तो आकाशातून पडलेला नाही. गाठ मोठी झाली की सुईने काढलेले चार-पाच तुकडे तिच्या फार थोड्या भागाबद्दल बोलतात, उरलेल्या भागात दुसरे काही असेल तर ते निसटते. शिवाय ती स्तनाचा आकार बिघडवू लागते. तरीही तीन सेंटिमीटर ही लक्ष्मणरेषा नव्हे. बायोप्सीत फायब्रोॲडिनोमा ठरलेली, दोन वर्षे तेवढीच राहिलेली सव्वातीन सेंटिमीटरची गाठ ठेवता येते. उलट दोन सेंटिमीटरची गाठ दर महिन्याला दुखत असेल, किंवा ती आहे या विचारानेच बाईची झोप उडाली असेल, तर ती काढणे चूक नाही. पाच सेंटिमीटरच्या पुढे किंवा अर्धा किलोहून जड गाठीला ‘जायंट’ म्हणतात, ती काढतातच.

हाताचे आणि यंत्राचे माप जुळत नाही, यावरून घरात वाद होतात. बोटांच्या चिमटीत गाठीबरोबर कातडी आणि चरबीही येते, म्हणून हाताला तीन सेंटिमीटर लागलेली गाठ सोनोग्राफीत सव्वादोन निघू शकते. याचा अर्थ ती विरघळली असा नव्हे. हाताच्या मापाची तुलना हाताच्या मापाशी, यंत्राच्या मापाची यंत्राच्या मापाशी. आणि दोन वेगळ्या लोकांनी एकाच दिवशी मोजले तरी एक-दोन मिलिमीटरचा फरक पडतो. 18 ची 20 झाली म्हणून कोणी ऑपरेशनची तारीख घेऊ नये.

मग वाढ कशाला म्हणायची? सहा महिन्यांत व्यास वीस टक्क्यांहून अधिक वाढला तर. ऐकायला हे थोडे वाटते, पण गाठ तिन्ही बाजूंनी वाढते हे लक्षात घ्या. लांबी, रुंदी, जाडी यांचा गुणाकार करून त्याला 0.52 ने गुणले की गाठीचे आकारमान मिळते. 20 × 15 × 12 मिलिमीटरची गाठ म्हणजे साधारण 1.9 मिलिलिटर. तीच 24 × 18 × 14 झाली की 3.1 मिलिलिटर. कागदावर ‘विसाची चोवीस’ झाली एवढेच दिसते, प्रत्यक्षात गाठ दीडपटीहून मोठी झालेली असते. व्यास दुप्पट म्हणजे आकारमान आठपट. म्हणून एका आकड्याचा रिपोर्ट पुरत नाही, तीन हवेत.

एवढ्या वेगाने वाढणाऱ्या गाठीत शंका येते ती फायलॉइड्स ट्यूमरची. हा फायब्रोॲडिनोमाचा चुलतभाऊ, दिसायला तिच्यासारखाच, बहुतेक चाळिशीच्या आसपास येणारा आणि काही महिन्यांत फोफावणारा. सुईच्या रिपोर्टात कधी कधी ‘फायब्रोएपिथेलियल लीजन’ एवढेच लिहून येते. याचा अर्थ पॅथॉलॉजिस्टला त्या तुकड्यांवरून दोघांतला फरक करता आलेला नाही. ही गाठ पूर्ण काढून तपासावी लागते. फायब्रोॲडिनोमा वाटाणा शेंगेतून सोलावा तशी सोलून काढतात. फायलॉइड्स तशी सोलली तर त्याच जागी परत येते. तिच्याभोवतीची निरोगी कड घ्यावी लागते: साध्या प्रकारात कडा स्वच्छ आल्या तरी भागते, मधल्या आणि घातक प्रकारात एक सेंटिमीटरचे अंतर धरतात.

सुईची भीती गोव्यात घरोघर आहे. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य तर शिकलेल्या घरांतही ऐकू येते. सुईमुळे साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही आणि असलेला कॅन्सर सुईमुळे पसरून बाई दगावत नाही. सुई टाळल्याने उशीर होतो, तो मात्र नडतो. बारीक सुईची तपासणी, एफएनएसी, फक्त पेशी आणते. कोअर बायोप्सी तांदळाच्या लांबट दाण्यासारखे तुकडे आणते, त्यात पेशींची मांडणीही दिसते, म्हणून भरीव गाठीला ती सरस. कातडीखाली जागा बधिर करणारे लिग्नोकेनचे इंजेक्शन, दोन-तीन मिलिमीटरची चीर, सोनोग्राफीत बघत 14 गेजची सुई गाठीपर्यंत, मग खटका. हा खटका स्टेपलरसारखा जोरात वाजतो आणि बाई दचकते. तेवढ्यात सुई हलली तर नमुना चुकतो. म्हणून आधी एकदा हवेत वाजवून दाखवावा. तीन ते पाच तुकडे, नंतर निदान दहा मिनिटे घट्ट दाब. दाबायचा कंटाळा केला की दुसऱ्या दिवशी निळेकाळे पडते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावे, स्वतःच्या मनाने बंद करू नये. तुकडे फॉर्मालिनमध्येच, म्हणजे ते टिकवणाऱ्या द्रावात, जायला हवेत; द्राव नमुन्याच्या दहापट तरी. घाईत सलाईनच्या बाटलीत टाकलेला तुकडा प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कुजू लागतो, आणि सगळा खटाटोप पुन्हा.

सिस्टमधून निघालेले पाणी पिवळट, हिरवट किंवा काळपट तपकिरी असेल आणि गाठ पूर्ण बसली असेल तर ते तपासायला पाठवायचीही गरज नसते. पाणी आगळासारखे लाल आले, पाणी काढूनही गाठ हाताला लागत राहिली, किंवा तीच सिस्ट परत परत भरू लागली, तर पुढची तपासणी हवी.

हात, चित्र आणि सुई या तिन्ही तपासण्या एकच गोष्ट सांगत असतील तरच निकाल पक्का. हाताला टणक, चित्रात वेडीवाकडी आणि सुईत ‘साधी’ असे आले तर सुईवर विश्वास ठेवून घरी जायचे नसते. सुई चुकली असे धरून पुन्हा घ्यायची असते. आमच्या मते या एका नियमाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, कारण हातात ‘साधी’ असे लिहिलेला कागद आल्यावर तो कोणालाच उलटून बघायचा नसतो.

काढायचे ठरले तर चीर कुठे द्यायची हे आधी बोलून घ्यावे. बोंडाभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने दिलेली चीर दिसत नाही, पण दूरची गाठ तिथून काढायला गेले की दुधाच्या नळ्या आणि बोंडाची संवेदना धोक्यात येते. खालच्या घडीतली चीर खालच्या गाठींना चांगली. गाठीच्या अगदी वर दिलेली लांब सरळ चीर सर्जनला सोपी. बाईला ती आयुष्यभर दिसते, आणि छातीच्या वरच्या भागात कातडी जाड उठण्याची सवय असेल तर जास्तच. भूल देण्याआधी, बाई जागी असताना, तिच्याच बोटाने गाठ दाखवून घ्यावी आणि पेनने खूण करावी. ही क्षुल्लक वाटणारी पायरी गाळली की काय होते, तर आडवे झोपवल्यावर हात वर घेतात, सटकणारी गाठ दोन बोटे सरकते, आणि टेबलावर शोधाशोध सुरू होते. हाताला न लागणारी गाठ असेल तर सोनोग्राफीत बघून तिच्यात बारीक तार ठेवतात. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या, बायोप्सीत साध्या ठरलेल्या गाठी जाड सुईने ओढूनही काढता येतात, टाक्याशिवाय. मात्र गाठ तुकड्यातुकड्यांनी निघते, म्हणून फायलॉइड्सची शंका असेल तिथे ही पद्धत नको.

ऑपरेशननंतर पहिल्या चोवीस तासांत एक बाजू फुगून घट्ट, दुखरी झाली तर आत रक्त साठले असे समजून लगेच परत जावे. आठ-पंधरा दिवस रात्रंदिवस घट्ट बसणारी, तार नसलेली ब्रा घालावी. आणि काढलेली गाठ, कितीही साधी दिसो, पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे. ‘साधीच होती, टाकून दिली’ हे उत्तर कोणत्याही दवाखान्यातून ऐकून घेऊ नये. गाठीच्या कागदाशिवाय बिल पुरे झालेले नसते असे समजा.

लग्नाआधी काढून टाकायच्या आग्रहाबद्दल थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. फायब्रोॲडिनोमामुळे लग्नाला, गर्भ राहायला किंवा अंगावर पाजायला अडचण येत नाही. एक काढली म्हणून दुसरी येणार नाही असेही नाही. काही मुलींना दोन्ही बाजूंना चार-पाच असतात, आणि त्या सगळ्या काढायच्या म्हणजे स्तनाची चाळण. पुष्कळ गाठी वर्षानुवर्षे तेवढ्याच राहतात, काही आपोआप लहान होतात, पाळी गेल्यावर त्या आक्रसून चुनखडीसारख्या होतात. गरोदरपणात मात्र त्या वाढू शकतात, आणि मोठी गाठ असलेल्या बाईने मूल होऊ देण्याआधी सल्ला घेणे शहाणपणाचे. गरोदरपणी सोनोग्राफी आणि सुई दोन्ही चालतात, ‘बाळंतपणानंतर बघू’ म्हणून नवी गाठ तशीच ठेवू नये.

दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या बोंडामागे एका बाजूला नाण्यासारखी टणक गाठ लागली की आया घाबरून धावतात. बहुतेक वेळा ती वयात येण्याची सुरुवात असते, दुसरी बाजू काही महिन्यांनी येते. तिथे चाकू लागला तर त्या बाजूचा स्तन कधीच वाढत नाही. हे नुकसान कोणालाही भरून काढता येत नाही.

चुना-हळदीचा लेप, शेक, चोळणे याने गाठ जात नाही. लेपाने कातडी भाजते, लाल होते, आणि मग तपासणाऱ्याला ती लाली गाठीची की लेपाची हे कळत नाही. व्हिटॅमिन ई आणि तत्सम कॅप्सूल गाठीवर काम करत नाहीत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ओर्मेलॉक्सिफिन ही गर्भनिरोधक गोळी स्तनाच्या दुखण्यावर उपयोगी पडते. गाठीवर तिचा परिणाम कोणाला थोडा, कोणाला शून्य. पाळी लांबते, अंडाशयात सिस्ट येऊ शकते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घेण्याची ती गोळी नव्हे.

आपल्याकडे 2021 पासून ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ मोहिमेत आरोग्य केंद्रांवर हातातल्या यंत्राने तपासणी झाली, ऑक्टोबरात ठिकठिकाणी शिबिरेही होतात. त्यांचा उपयोग आहेच. फक्त असले यंत्र इथे काहीतरी कडक आहे एवढे सांगते, ती गाठ कसली हे सांगत नाही. यंत्राने दाखवलेल्या जागेची सोनोग्राफी होईपर्यंत तपासणी अर्धीच.

खरी गळती पुढच्या फेऱ्यांत होते. काणकोणहून किंवा वाळपईहून बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) यायचे म्हणजे दिवस जातो, आणि गाठ दुखत नसली की सहा महिन्यांची तारीख विसरली जाते. सोपा हिशेब असा: एक खेप चवथीच्या आधी, दुसरी शिमगा झाल्यावर. दोन्हींच्या मध्ये साधारण सहा महिने असतात आणि दोन्ही तारखा गोव्यात कोणी विसरत नाही. पाळी सुरू झाल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसातली वेळ घ्यावी, पाळीच्या आधी स्तन भरलेले असतात आणि सगळीकडेच गाठी लागतात. शक्यतो तेच सेंटर, तेच मशीन. मधल्या काळात कातडीला खळगी पडली, बोंड आत ओढले गेले, बोंडातून रक्त आले, काखेत गाठ लागली, तर तारखेची वाट पाहू नये.

सोनोग्राफी सेंटरांकडे आमचे मागणे छोटे आहे. प्रत्येक गाठीपुढे बाजू, घड्याळाच्या काट्याप्रमाणे जागा (उदाहरणार्थ उजवा स्तन, दहा वाजता), बोंडापासूनचे अंतर सेंटिमीटरमध्ये, तिन्ही मापे मिलिमीटरमध्ये आणि मागच्या रिपोर्टातली मापे तारखेसह लिहावीत. यातले मागचे माप लिहायला बाईने जुना कागद आणावा लागतो, आणि तिथे आपली हवा आडवी येते. सोनोग्राफीचे ते काळे-पांढरे गुळगुळीत चित्र उष्णतेवर छापणाऱ्या कागदाचे असते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवले की गोव्याच्या एका पावसाळ्यात ते पुसट होते, दुसऱ्यात कोरे. ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी मोबाईलवर त्याचा फोटो काढावा, आणि मापे वहीत पेनने उतरून ठेवावीत.

आपले,
एक सर्जन आणि एक सोनोग्राफीतज्ज्ञ
फोंडा, गोवा